बर्फावर बसायची तुमान

राजूबाईच्या हातात काहीही द्या, ती आधी त्याचा वास घेते. मेथीची जुडी, नवं लुगडं, बँकेचं पासबुक, शेजारणीचं तान्हं लेकरू, सगळ्याला नाक लावून मगच तोंड उघडते. ठाणाकुशनूरात यावरून तिला कुणी हसत नाही. या नाकाच्या जोरावर तिने तीस वर्षं आसपासच्या पंधरा-वीस गावांच्या पाठी कोरड्या ठेवल्यात.

राजूबाई मेंढरांच्या घरातली. मेंढरं आता गेली, मेंढरं बसवायच्या आखराच्या जागेवर भावाने तुरीची रास करायला फरशी टाकली. पण पूर्वी कुणी जत्रेत घोंगडी घ्यायला निघाला की जीपमध्ये पुढची जागा राजूबाईची असायची. विकणारा देवाच्या शपथा घ्यायचा, घेणारा मात्र राजूबाईच्या तोंडाकडे बघायचा. ती आधी सुईने घोंगडीतला एक दोरा उपसायची आणि त्याला काडी लावायची. केस जळल्यासारखा वास सुटला आणि चिमटीत राख झाली, तर लोकर खरी. दोऱ्याची टणक गोळी झाली, तर त्यात नकली सूत मिसळलेलं. दोरा काढलेल्या जागी बारीक भोक राहायचं, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. लोकर भिजली, चार वेळा तुडवली की आपली आपण मिटून येते.

मग पाण्याची परीक्षा. घोंगडी उलट्या बाजेच्या चार पायांना बांधायची, वर घागरभर पाणी ओतायचं आणि चहा होईपर्यंत खालून बोट न लावता थेंब गळतो का ते बघायचं. शेवटी राजूबाई ती घोंगडी पांघरून पहाटेच्या दवात स्वतः बसायची. उठली की एवढंच म्हणायची, "घे." किंवा म्हणायची, "ठेव खाली."

एकदाच चुकली. त्या साली जीपवाला घाई करत होता, हॉर्न वाजवत होता, आणि चिंताकी गावच्या लिंगाप्पाला तिने दवात न बसताच "घे" म्हणून सांगितलं. गारपिटीत त्याची घोंगडी फडक्यासारखी भिजली आणि लिंगाप्पा पंधरा दिवस तापाने पडला. बरा झाल्यावर तो भांडायला आला नाही. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्का, तू बगितली होतीस न्हवं?" तेव्हापासून राजूबाई स्वतः बसल्याशिवाय शब्द देत नाही. पुढे शब्द मागायलाही फारसं कुणी येईना. सोलापुरी चादरी आल्या, ट्रकच्या ताडपत्र्या आल्या आणि घोंगडी पांघरणारी पोरं हैदराबादला गेली.

तिच्या भावाचा पोरगा भीमाशंकर हैदराबादच्याही पुढे गेला. बिदरला इंजिनिअर झाला, हैदराबादेत चार वर्षं काढली आणि तिथून थेट अमेरिकेत, तिथल्याही सगळ्यात गारठलेल्या मुलखात. २०१० च्या डिसेंबरात तो पंधरा दिवसांसाठी घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून दोन अजब कपडे निघाले. एक काळा, एक निळा. खाली पँट, वर छातीपर्यंत कापड आणि खांद्यावरून जाणारे रुंद पट्टे.

समोरच्या कापडदुकानाचा सिद्धप्पा गिऱ्हाईक सोडून बघायला आला.

"अय्यो! येवढा मोठा बाबासूट! कुनाच्या लेकराचा रं?"

"माझा हाय अण्णा."

"तुझा? मग बाटली बी आनलास का, दूध प्यायची?"

"मासे धरायची तुमान हाय ही. तिकडं तळं गोठतंय. हातभर जाड बर्फ. त्याच्यावर चालत जायचं, भोक पाडायचं, गळ सोडायचा आन् बसायचं."

"किती येळ?"

"सकाळपासून दिवस बुडंपतोर."

"आन् मासा?"

"आला तर आला."

सिद्धप्पाने कपाळाला हात लावला. "यवा! हितं आमी बससाठी घंटाभर बसलो तर तोंड वाकडं करतो. तुमी इमानात बसून बर्फावर बसायला जायलाव!"

सगळे हसले. मंगल तेवढी हसली नाही. मंगल म्हणजे भीमाशंकरची आई, राजूबाईची भावजय. ती चुलीपुढून तशीच उठून आली, भीमाशंकरचा उजवा पाय धरला आणि सगळ्यांना दाखवला. अंगठ्याला नख नव्हतं.

"ह्याला मासे धरनं म्हंतेत! मागल्या साली साधी पँट घालून गेलता. भिजला, पाय बधिर झाला, नख काळं पडून गळलं. फोनवर एक शबुद बोलला न्हाई. परवा बूट काढला तवा दिसलं. आन् आता पुन्ना जायचं म्हंतोय!"

"आई, म्हणून तर ही तुमान आणलोय."

"पर जायचंच कामून? मासे पायजेत तर कारंज्याच्या धरनातले आनते की. खा पोटभर."

भीमाशंकरने पाय सोडवून घेतला. मग आईकडे न बघता आत्याकडे बघून बोलला, "तिथं हापिसात सगळे चांगले हायत. गुड मॉर्निंग म्हंतेत, दार धरतेत. पर आत्या, आठ-आठ दिवस कुणी बोलत न्हाई. ज्याच्या त्याच्या खोपट्यात ज्याचा त्याचा कॉम्पुटर. त्या तळ्यावर बसलं की मातर बोलतेत. मागल्या साली माझा साहेब त्याच्या बापाचं सांगत होता, कसा रागीट होता, कसा गेला. मी बी बापूचं सांगितलो, मेंढरांचं सांगितलो. पाय बधिर झाला तरी उठू वाटंना गेलं."

भीमाशंकरचा बाप, म्हणजे बापू, दाराशी बसला होता. त्याने मेंढरांचं नाव ऐकून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. या घरात बोलायचं काम त्याने बहिणीवर सोपवलेलं आहे.

मंगलने पदराने डोळे पुसले आणि तोड काढली. "अक्का म्हनल्या ह्यात पोरगं गारठत न्हाई, भिजत न्हाई, तर जाऊ दे. न्हाईतर देवाची आन हाय, त्या तळ्याकडं बगायचं न्हाई."

तिची खात्री होती. प्लास्टिकच्या कपड्याला राजूबाई "घे" म्हणेल, हे कसं शक्य आहे?

राजूबाईने काळी तुमान उचलली. वास घेतला. मग तिच्या पायात कोपरापर्यंत हात घातला आणि तो हात रांजणाच्या ओल्या पोटाला लावून उभी राहिली. जराशाने हात काढला.

"ठेव खाली. हात उघडा असल्यागत वाटलं."

निळी जाड होती. गुडघ्यांना आणि बुडाला गादी शिवलेली. तिच्यात हात घालून राजूबाई रांजणाला टेकली ती टेकलीच. सिद्धप्पा कंटाळून गिऱ्हाइकाकडे जाऊन परत आला.

"अक्का, झोप लागली का?"

"गप. ऊब चढायली." तिने हात काढून गालाला लावला. "हिच्यात काय भरलंय रं भीमा?"

"कापसावानी असतंय. पर कापूस न्हाई."

"लोकर बी न्हाई. ठीक. ऊब हाय. पानी अजून बगायचं हाय."

"आवडली न्हाई तर काय बी हरकत न्हाई. तीन म्हैन्यात दुकान परत घेतंय."

"वापरून?"

"वापरून."

राजूबाईने सिद्धप्पाकडे पाहिलं. सिद्धप्पा घाईघाईने म्हणाला, "आमच्यात तसं न्हाई. आमच्यात एकदा घडी मोडली की तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाशंकर अंघोळीला बसला होता, मंगल गोठ्यात होती. राजूबाईने निळी तुमान मांडीवर घेतली, उलटी केली आणि नेहमीप्रमाणे एक दोरा शोधायला लागली. बुडाच्या शिवणीवर आतून एक चकचकीत पट्टी चिकटवलेली होती. तिने सुईने पट्टीची कड उचकटली, दोन टाके उसवले, बोटभर दोरा उपसला आणि काडी लावली. दोरा आक्रसला, त्याची काळी गोळी झाली आणि फुटकी बादली जाळल्यासारखा वास आला.

राजूबाईला वाईट वाटलं नाही. बादलीतून पाणी गळत नाही, मग बादलीच्या जातीच्या कापडातून का गळेल? तिने पट्टी अंगठ्याने परत दाबून बसवली आणि तुमान खुंटीला अडकवली. दोरा काढल्याचं कुणाला सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. चहात साखर घातली म्हणून कुणी सांगतं का?

न्याहारीला ती म्हणाली, "भीमा, बर्फ आन."

"बर्फ?"

"बर्फावर बसायची तुमान हाय, तर बर्फावर बसूनच बगावं लागंल. मी बसते."

"तू कशाला? मी बसतो की."

"तू बसलास तर थंडी वाजली तरी न्हाई म्हनशील. तुला जायचंय."

"मग आई बसंल."

"ती ऊब लागली तरी थंडी म्हनंल. तिला तुला ठिवायचंय. मी बसते. मला कुठं जायचं न्हाई."

भीमाशंकर सिद्धप्पाची मोटारसायकल घेऊन बिदरला गेला. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात बाहेर एक म्हातारा ऊन खात बसला होता. लादी मागितल्यावर तो हळहळत उठला.

"कवा गेले?"

"कोण?"

"थंडीत बर्फ मयतालाच नेतेत, बाबा. घरातलंच मानूस होतं का?"

"न्हाई चाचा, आत्याला बसायला पाहिजे."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "अल्ला सबर दे," म्हणाला आणि लादी भुशात गुंडाळून, पोत्यात बांधून दिली.

भीमाशंकरने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं आणि तिथेच चुकला. मंगल दारात आडवी उभी राहिली. "मयताचं बर्फ? उंबऱ्याच्या आत आनायचं न्हाई!" लादी मग बाहेर लिंबाच्या झाडाखाली ठेवली. गल्ली जमायला तेवढं पुरेसं होतं.

राजूबाई लुगड्यावरून तुमान घालायला लागली. एक पाय गेला, दुसरा अडला, कासोट्याचा बोंगा आत कोंबावा लागला. भीमाशंकरने खांद्यावर पट्टे ओढून पुढे बकलं लावली. साठीची बाई, नाकात नथ, कपाळावर कुंकू आणि गळ्यापर्यंत निळी अमेरिका. पोरीबाळी तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या.

"हसा," राजूबाई म्हणाली. "तुमच्या सासूला घालून दावा एकदा, मग हसा."

आणि ती लादीवर बसली. सरळ, पाट मांडून जेवायला बसावं तशी.

"आता काय करतेत तिथं?"

"काडी धरतेत हातात, दोरी लावून."

सिद्धप्पाने ज्वारीचं एक धाट आणलं, त्याला सुतळी बांधून तिच्या हातात दिलं आणि समोर उकिडवा बसला.

"लागला का मासा?"

"लागला की. सकाळपासून दुकान सोडून हितंच हाय."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. आठवडी बाजाराच्या टेम्पोतली माणसं उतरून बघून गेली. कुणीतरी विचारलं, मावशीला कशाचा नवस आहे? सिद्धप्पाने सांगितलं, थंडीचा. तास झाला. राजूबाई मधेच गुडघ्यांवर टेकून बसे, परत बुड टेकवी. मांड्या चुलीपुढे बसल्यासारख्या उबदार होत्या. लादीचं पाणी भुशातून वाहायला लागलं होतं. भीमाशंकर हसत नव्हता. तो आत्याच्या तोंडाकडे बघत होता. मंगलही तिकडेच बघत होती.

आणि मग राजूबाईला डाव्या बाजूला खाली एक टोचणी जाणवली. गार. सुईच्या टोकाएवढी. ती हलली नाही. टोचणीचा ठिपका झाला, ठिपक्याचा रुपया झाला.

गळत होतं.

तिने सवयीने मनातल्या मनात सगळं अंग तपासलं. गुडघे कोरडे. मांड्या कोरड्या. उजवी बाजू कोरडी. गुडघ्यांवर तर सगळ्यात जास्त भार दिलेला, तिथे ओलीचं नाव नाही. फक्त तिथे, जिथे सकाळी… तिच्या हातातलं धाट खाली आलं. लोकर असती तर मिटली असती. ही बादलीची जात. बादलीला भोक पाडलं तर ते भोकच राहतं.

"अक्का," मंगलने हळूच विचारलं, "थंडी लागायली न्हवं?"

तिच्या आवाजात केवढी आर्जवं होती, ती गल्लीत दुसऱ्या कुणाला कळली नसतील. राजूबाईला कळली. हे पोरगं राजूबाईनेही पाठीशी बांधून मेंढरांमागे हिंडवलेलं होतं. त्याने पुन्हा त्या बर्फावर जाऊ नये, असं तिलाही वाटतच होतं. एकच शब्द बोलायचा होता, आणि तो खोटाही नव्हता. त्या शब्दावर पोरगं गप बसलं असतं. परत गेल्यावर थंडीभर खोपट्यात कॉम्प्युटरपुढे बसलं असतं, कोरडं, आठ-आठ दिवस कुणाशी न बोलता.

"गळायलंय," राजूबाई म्हणाली.

मंगलने सुटल्यासारखा श्वास सोडला. "झालं! म्हनलेच होते मी. काढ ते, भीमा, देऊन टाक परत."

भीमाशंकर बकल काढायला पुढे झाला.

"थांब. पुरं बोलू दे मला." राजूबाईने त्याचा हात बाजूला केला. "गळायलंय ते मी फाडलेल्या जागंतून. सकाळी तू अंघुळीला होतास तवा मी शिवन उसवून दोरा काढले. काडी लावून बगायला."

"प्लास्टिकला?" सिद्धप्पाने विचारलं.

"व्हय."

"काडी लावून वास घेतलाव?"

"घेतले."

सिद्धप्पा खाली बसला आणि पोट धरून हसला. भीमाशंकरला मात्र हसू येईना. तो आत्याच्या पाठीमागे वाकून शिवण चाचपत होता. पट्टी एका कडेने सुटलेली, दोन टाके गेलेले, आणि पाणी बरोबर तिथूनच.

"बाकी सगळं कोरडं हाय," राजूबाई म्हणाली. "ऊब बी हाय. कापडाचा गुन्हा न्हाई. भोक माझं हाय. घे."

मंगलचा चेहरा उतरला. ती जवळ आली आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशीच बोलली, "अक्का, तेवढं दोऱ्याचं गिळला असताव तर काय बिगडलं असतं तुमचं?"

"माझं काय बिगडतंय. पुढल्या थंडीत हा आपल्याला न इचारताच गेला असता. नख दावला न्हाई तसं तुमान बी दावला नसता. मग तो काय घालतोय, कुठं बसतोय, तुला कळलं असतं का?"

मंगलने पोराच्या पायाकडे पाहिलं.

भीमाशंकर म्हणाला, "आत्या, तू कायकू मनाला लावून घेतीस? तिथं दुकानात बदलून देतेत. इचारत बी न्हाईत."

"न्हाई इचारले तरी तू सांगायचं. आमच्या आत्यानं फाडलं म्हून सांगायचं. गळकी हाय म्हून त्यांच्या मालाला नाव ठिवलास तर बग."

"आन् मग त्यांनी बदलून न्हाई दिलं तर?"

"तर ठिगळ लाव. तुला काय, इंजिनेर हायस न्हवं?"

तो हसला. पहिल्यांदाच. राजूबाई उठायला गेली, पण तुमानीतल्या लुगड्याच्या बोंग्यामुळे तिला उठता येईना. भीमाशंकरने आणि सिद्धप्पाने दोन्ही बाजूंनी धरून तिला उभं केलं. बकलं काढायला मात्र मंगल पुढे झाली. एका हाताने दाबलं, निघेना. दोन्ही हातांनी दाबलं, मग खाटकन सुटलं. तिने ते बकल हातात धरून उलटंपालटं करून पाहिलं.

"हे यकट्याला निगतंय का रं?"

"निगतंय की."

"भिजलास, बोटं गारठली, जवळ कुनी न्हाई, तरी बी?"

"निगतंय म्हन्लं न्हवं आई."

"घाल."

"आता?"

"आताच. घाल म्हंते न्हवं."

भीमाशंकरने तिथेच, पँटवरून, ओली तुमान चढवली आणि बकलं लावली. मंगलने त्याला लादीपुढे बसवलं. त्याचे दोन्ही हात मनगटाला धरून बर्फावर ठेवले, वर आपले तळवे दाबले, आणि मोजायला लागली. मयताचं बर्फ म्हणून ज्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं, त्यावर आता तिचीही बोटं लाल होत होती. शंभर झाले, तरी तिने सोडलं नाही. दीडशेला सोडलं.

"काढ आता."

भीमाशंकरची बोटं वाकेनात. पहिल्यांदा बकल हातातून सटकलं, दुसऱ्यांदा अंगठा घसरला. तिसऱ्यांदा खाटकन आवाज झाला आणि पट्टा खांद्यावरून खाली पडला.

"बगितलीस? निघालं!"

मंगलने पट्टा उचलून परत त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याचे हात पुन्हा धरले.

"तीनदा लागलं. पैल्यांदाच निगाया पायजे. ठिव हात."